न बघता कापणारं पातं आणि नळदुर्गचा कागदी धबधबा

धाराशिवच्या बाजारात रेडियमच्या दुकानासमोर कधी पाच मिनिटं उभे राहिलात का? जीपच्या काचेवर लावायचं ‘आई तुळजाभवानी’, ट्रॅक्टरवर लिहायची पोरांची नावं, असं सगळं तिथं कापून मिळतं. दुकानातले काका कॉम्प्युटरवर बटण दाबतात. शेजारच्या लांबट यंत्रात चिकट विनाइलचा रोल मागं-पुढं सरकायला लागतो आणि त्याच्यावरून एक छोटी डबी डावीकडून उजवीकडं पळत सुटते. थोड्या वेळानं काका टोकदार चिमट्यानं नको तो भाग अलगद सोलून काढतात. मागं राहतात ती कोरीव अक्षरं!

या यंत्राला कटिंग प्लॉटर म्हणतात. टेबलावर मावणारं, घरी वापरायचं असंच छोटं यंत्रही असतं. ते म्हणजे इलेक्ट्रॉनिक डाय-कटिंग मशीन. क्रिकट, सिल्हूट, ब्रदर अशा नावांनी ही यंत्रं मिळतात. त्यात विनाइलऐवजी कागद किंवा कार्डशीट घालायचं आणि हवे ते आकार कापून घ्यायचे. एकामागं एक थर लावून खोली असलेलं चित्र करायचं असेल, तर या यंत्रासारखं दुसरं काही नाही.

आधी डाय म्हणजे काय ते बघू, म्हणजे या यंत्राची करामत कळेल. कुंथलगिरीचा पेढा ज्या खोक्यात येतो तसलं एखादं मिठाईचं खोकं उलगडून बघा. ते एकाच सपाट पुठ्ठ्यातून कापलेलं असतं. प्लायवूडच्या फळीत पोलादाचं पातळ पातं हव्या त्या आकारात वाकवून बसवलेलं असतं. हा झाला डाय. तो पुठ्ठ्यावर दाबला की एका दाबात सगळा आकार कापून तयार. हजारो खोकी करायची असतील तर डायला पर्याय नाही. पण उद्या खोकं अर्ध्या सेंटिमीटरनं मोठं हवं असेल तर? नवा डाय करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रात असा डाय नसतोच. असतं फक्त एक बारीक पातं आणि ते कुठून कुठं न्यायचं याची यादी. आकार बदलायचा असेल तर यादी बदलायची, बस्स. म्हणून हजार सारखे नग करायला डाय चांगला, आणि जगात एकच असेल असं चित्र करायला हे यंत्र.

माझ्या भाचीकडं असं यंत्र आहे. ती सातवीत आहे. गेल्या दिवाळीत तिनं त्यावर आकाशकंदील केला, तोरणं केली, मैत्रिणींना शुभेच्छापत्रं करून दिली. मग स्नेहसंमेलन आलं, वार्षिक परीक्षा आली, सुट्टीत गावाला जाणं झालं, आणि यंत्र कपाटावर गेलं ते तिथंच राहिलं. श्रावणात ती नळदुर्गचा किल्ला बघून आली. तिथला नर-मादी धबधबा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याचं थरांचं चित्र करायचं तिनं मनावर घेतलं. यंत्र खाली उतरवलं, धूळ पुसली, वायर जोडली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “मावशी, मला काहीच आठवंना बघ.”

मला विचाराल तर एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची हीच खरी वेळ. पहिल्यांदा शिकताना आपण घाईत असतो, कुठलं बटण दाबायचं एवढंच बघतो. पुन्हा शिकताना ‘हे असं का?’ विचारायला सवड असते. आम्ही दोघींनी प्रत्येक पायरीवर तेच विचारायचं ठरवलं.

बटण दाबल्याबरोबर पात्याची डबी घरघरत एका कडेला गेली आणि टेकून थांबली. “हे दर वेळी असंच करतं,” भाची म्हणाली. दर वेळी करतं, कारण बंद केलं की ते आपली जागा विसरतं!

याचं कारण त्याच्या मोटरीत आहे. पंख्याच्या मोटरीला वीज दिली की ती गरगर फिरत राहते. या यंत्रातली स्टेपर मोटर तशी नसते. तिला विजेचा एक ठोका दिला की ती एकच पाऊल फिरते आणि थांबते. बहुतेक स्टेपर मोटरींचं एक पाऊल 1.8 अंशांचं असतं. 360 ला 1.8 नं भागा बरं. एका पूर्ण फेरीला 200 पावलं! पाऊल आणखी लहान करायची युक्तीही यंत्राच्या सर्किटमध्ये असते. अशी एक मोटर रूळ फिरवून कागद मागं-पुढं नेते. दुसरी मोटर डबीला डावी-उजवीकडं ओढते. पातं उचलायची आणि टेकवायची सोय वेगळी. हालचाल करायला एवढीच मंडळी.

आता गंमत बघा. फक्त पहिली मोटर चालली तर उभी रेघ कापली जाते. फक्त दुसरी चालली तर आडवी. दोन्ही सारख्याच वेगानं चालल्या तर रेघ बरोबर 45 अंशांत तिरकी जाते. एकीचा वेग कमी करत नेला आणि दुसरीचा वाढवत नेला की रेघ वळायला लागते. गोल, फूल, मोर, बुरूज, काहीही सांगा, ते या दोन मोटरींच्या कमी-जास्त वेगातून निघतं. एका चौकोनी कागदावर तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून हे करून बघा. एकानं कागद फक्त पुढं-मागं सरकवायचा, दुसऱ्यानं पेन्सिल फक्त डावी-उजवीकडं न्यायची. दोघांनी मिळून एक गोल काढायचा. पहिले काही गोल बटाट्यासारखे येतील, पण वेग जुळला की जमतो.

कागदावर पातं आत्ता कुठं आहे हे यंत्र कापताना बघत नाही. ते पावलं मोजतं. कडेपासून उजवीकडं इतकी पावलं, पुढं इतकी, की मी अमुक जागी आहे, असा त्याचा हिशोब. वीज गेली की मोजणी पुसली जाते. म्हणून सुरू झाल्यावर ते आधी कडेला जाऊन टेकतं आणि तिथून शून्य धरून पुन्हा मोजायला लागतं. मधेच कागद अडकला तर त्याला पत्ता लागत नाही. ते आपलं ठरल्याप्रमाणं पुढं जातं आणि फुलाच्या पाकळ्या दुसरीकडंच कापून ठेवतं. म्हणून काम चालू असताना लक्ष ठेवायला माणूस लागतोच.

ही कल्पना बरीच जुनी आहे. 1959 साली अमेरिकेतल्या कॅलकॉम्प कंपनीनं 565 नावाचं चित्र काढणारं यंत्र बाजारात आणलं. त्यात कागद रुळावर मागं-पुढं फिरायचा आणि पेन आडवं सरकायचं. म्हणजे रेडियमच्या दुकानात जे चालतं तेच, फक्त पात्याच्या जागी पेन! पुढं एचपी कंपनीनं अशा यंत्रांसाठी एक छोटी भाषा केली. तिच्यात ‘पीयू’ म्हणजे पेन वर उचल, ‘पीडी’ म्हणजे पेन खाली टेकव, आणि मग जागेचे आकडे. एक मिलिमीटरचे 40 भाग करून हे आकडे सांगतात. म्हणजे 10 सेंटिमीटरची रेघ हवी असेल तर 4000 असं सांगायचं. आजही कितीतरी कटिंग प्लॉटर हीच भाषा समजतात. हातात पातं असलं तरी त्यांना हुकूम मिळतो तो पेनाचाच.

आणि वळणदार रेघा? मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांचा ढीग. तो या यंत्राला उपयोगाचा नाही, कारण ठिपक्यांत ‘इथून तिथं जा’ असं काही लिहिलेलं नसतं. त्याला रेघांचं चित्र लागतं. एसव्हीजी नावाच्या फाइलमध्ये अशा रेघा गणिताच्या रूपात साठवलेल्या असतात. त्यातल्या वळणांचं गणित आलं कुठून माहीत आहे? मोटारींच्या कारखान्यातून! फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी, दोघांनी आपापल्या जागी, मोटारीच्या पत्र्याचा गोलवा कॉम्प्युटरला कसा सांगायचा याची रीत शोधली. 1960 च्या आसपासची ही गोष्ट. या वळणांना आज बेझिए वक्र म्हणतात. टोकाचे दोन बिंदू आणि वळणाला आपल्याकडं ओढणारे आणखी दोन बिंदू, एवढ्यावर अख्खं वळण सांगता येतं.

आता पात्याकडं येऊ. भाचीनं डबीतून पातं काढलं (मोठं माणूस जवळ असल्याशिवाय हे करायचं नाही) आणि मी भिंग आणलं. पात्याचं टोक मधोमध नसतं! ते मधल्या अक्षापासून किंचित बाजूला असतं, साधारण पाव मिलिमीटर. आणि पातं आपल्या जागी मोकळं फिरू शकतं. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक बघितलंय? ट्रॉली ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला ते आपोआप वळतं, कारण चाक त्याच्या खुंटीच्या सरळ खाली नसून जरा मागं असतं. पात्याचंही तसंच आहे. डबी जिकडं जाईल तिकडं पात्याची धार कागदाच्या विरोधानं आपणहून वळते. पात्याला वळवायला वेगळी मोटर लागत नाही. इतक्या साध्या युक्तीवर हे सगळं यंत्र उभं आहे, हे मला फार आवडतं.

मात्र या युक्तीमुळं कोपऱ्यावर एक अडचण येते. डबी कोपऱ्यावर पोचली तरी टोक पाव मिलिमीटर मागं असतं. डबी तिथूनच वळली तर कोपरा गोलसर होतो. म्हणून यंत्र कोपऱ्याच्या किंचित पुढं जातं, तिथं पात्याला छोटा वळसा देतं आणि मगच नव्या दिशेला निघतं. तुमच्या चौकोनाचे कोपरे झिजल्यासारखे दिसायला लागले तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं: या अंतराचा आकडा चुकला आहे, किंवा पात्याचं टोक बोथट झालं आहे.

पातं किती खोल उतरवायचं? कागदाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त. म्हणजे कागदाची जाडी माहीत हवी. दुकानातला कागद जीएसएमवर मोजतात. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, तो जीएसएम. ए-फोर कागद एक चौरस मीटरच्या सोळाव्या भागाएवढा असतो. तेव्हा 80 जीएसएमच्या एका ए-फोर कागदाचं वजन 80 भागिले 16, म्हणजे 5 ग्रॅम. पाचशे कागदांचं रिम अडीच किलो. दुकानात जाऊन काट्यावर ठेवून बघा, गणित खरं ठरतं. त्याच रिमची उंची पट्टीनं मोजा, 5 सेंटिमीटरच्या आसपास येईल. तिला 500 नं भागा. एका कागदाची जाडी निघाली, सुमारे 0.1 मिलिमीटर! इतकी बारीक गोष्ट आपण शाळेच्या पट्टीनं मोजली. चित्राच्या थरांसाठी याहून जाड, 200 जीएसएमच्या पुढचं कार्डशीट बरं पडतं. आणि कुठलाही नवा कागद घेतला की आधी कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक चौकोन कापून बघायचा. तो स्वच्छ निघाला तरच पुढं जायचं.

कागदाखाली एक चिकट पारदर्शक चटई असते, मॅट म्हणतात तिला. काम झाल्यावर मॅटवरून कागद ओढून काढायचा नाही. मॅट उलटी करायची आणि कागद टेबलावर सपाट ठेवून मॅटच वाकवत सोलायची. कारण कागद जोरात वाकला की त्याचे तंतू वाकडे होतात आणि त्याला कायमचा बाक येतो. प्लॅस्टिकची मॅट वाकली तरी पुन्हा सरळ होते. या तंतूंना दिशाही असते, कारखान्यात कागद ज्या दिशेनं धावतो तिकडं बहुतेक तंतू वळलेले असतात. वर्तमानपत्र एकदा उभं आणि एकदा आडवं फाडा. एकीकडं सरळ पट्टी निघते, दुसरीकडं वाकडीतिकडी.

हे सगळं एकेक करत भाचीला आठवत गेलं, आणि आता खरं काम सुरू झालं. खरं काम म्हणजे डोक्यात चित्राचे थर पाडायचे. ते यंत्र करत नाही.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या काठावर आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात या नदीवर, किल्ल्याच्या दोन भागांना जोडणारं दगडी धरण बांधलं गेलं आणि त्या धरणाच्या पोटातच एक महाल केला. तोच पाणी महाल. पावसाळ्यात धरण भरलं की दोन वाटांनी पाणी खाली कोसळतं. ते नर आणि मादी. आत उभं राहिलं की खिडकीसमोरून पाण्याची भिंत पडताना दिसते. वर उंचावर उपळी बुरूज.

हे पाच कागदांत कसं मांडायचं? सगळ्यात मागं फिकट आकाश. त्याच्या पुढं दूरचं रान आणि उपळी बुरुजाची आकृती. मग पांढरा कागद. त्याच्या पुढं धरणाची काळी भिंत आणि सगळ्यात पुढं काठावरचे खडक, गवत आणि चौकट. “पांढरा कागद भिंतीच्या मागं कशाला? पाणी तर भिंतीच्या पुढून पडतं,” मी विचारलं. भाचीनं काही न बोलता काळ्या भिंतीत दोन लांब फटी काढून दाखवल्या. फटींतून मागचा पांढरा कागद दिसला आणि पाणी पडायला लागलं! खऱ्या किल्ल्यात जे पुढं आहे ते कागदात मागं ठेवायचं. थरांच्या चित्रात काय ठेवलं यापेक्षा काय कापून टाकलं याला जास्त महत्त्व असतं. फटींच्या कडा सरळ ठेवल्या तर फट दारासारखी दिसते, कडा वेड्यावाकड्या केल्या की पाणी वाटतं. पाणी महालाच्या खिडकीलाही असंच एक छोटं कमानदार भोक पुरतं. आणि भिंतीमागचा पांढरा कागद भिंतीच्या वर डोकावू द्यायचा नाही, नाहीतर बुरूज झाकला जातो.

एक नियम मात्र पाळावाच लागतो. थरातला प्रत्येक तुकडा कुठून तरी चौकटीला जोडलेला हवा. आकाशात एकटा पक्षी काढला तर तो कापून गळून पडतो. त्याला पंखाच्या टोकानं फांदीला तरी चिकटवा, नाहीतर सरळ पक्ष्याच्या आकाराचं भोक ठेवा.

रंग कसे निवडायचे? बालाघाटच्या डोंगररांगा दुरून बघा. जवळची टेकडी गडद, तिच्या मागची फिकट, तिच्याही मागची जवळजवळ आकाशात मिसळलेली. आपल्या आणि डोंगराच्या मधे हवा असते, हवेत धूळ आणि बाष्प असतं. त्यांच्यावर आपटून विखुरलेला सूर्यप्रकाश आपल्या डोळ्यांत येतो आणि दूरच्या वस्तूवर फिकट पडदा चढवतो. अंतर जितकं जास्त तितका पडदा दाट. म्हणून मागचे कागद फिकट, पुढचे गडद. दोन थरांच्या मधे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीचे तुकडे लावायचे. पट्टी 2 मिलिमीटरची असेल तर पाच कागदांच्या चार फटी मिळून 8 मिलिमीटर होतात. सेंटिमीटरभरही नाही! तरी पुढच्या कागदाची सावली मागच्यावर पडते आणि डोळ्यांना वाटतं, बुरूज मैलभर लांब आहे.

चित्राखाली ‘नळदुर्ग’ लिहायचं ठरलं, आणि इथं आपल्या देवनागरीची खासियत कळली. रोमन लिपीतली छापील अक्षरं सुटी सुटी पडतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळं अख्खं नाव एका तुकड्यात कापून निघतं. पण कॉम्प्युटरला प्रत्येक अक्षराची बाहेरची रेघ वेगळी दिसते. ‘न’ची शिरोरेषा जिथं संपते आणि ‘ळ’ची सुरू होते, तिथं दोन रेघा एकमेकींवरून जातात, आणि यंत्र इमानदारीनं दोन्ही कापतं. मग नावाचे तुकडे हातात येतात. उपाय सोपा आहे: सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं निवडून ‘वेल्ड’ करायची. मधल्या रेघा पुसल्या जातात आणि बाहेरची एकच सलग रेघ उरते. इंकस्केप नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच ‘युनियन’ म्हणतात.

आता तुमच्यासाठी एक कोडं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले आठ तालुके: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. वेल्ड केल्यावरही यांतल्या कुठल्या नावांचा एक तुकडा सुटा पडेल? नीट बघा. कळंब आणि परंडा! त्यांच्या डोक्यावरचं टिंब शिरोरेषेला टेकलेलं नसतं. ते थोडं खाली ओढून टेकवायचं आणि मग वेल्ड करायचं. याच नावांची जाळी करायची असेल, म्हणजे अक्षरांच्या जागी भोकं, तर अडचण उलटी होते. टिंब छान जमतं, पण ‘वाशी’तल्या ‘व’च्या पोटातला गोल गळून पडतो. तिथं एक बारीक पूल ठेवावा लागतो.

‘काहीच आठवंना’ म्हणणारी भाची थोड्याच वेळात माझ्या पुढं पळायला लागली होती. हे नवल जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी मोजून दाखवलं आहे. त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या, आणि दर वेळी किती वेळ लागला ते लिहून ठेवलं. 1885 साली ते पुस्तकरूपानं प्रसिद्ध झालं. महिन्याभरानंतर यादी आठवत नव्हती, तरी ती पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा सुमारे एक पंचमांश वेळ कमी लागला. म्हणजे विसरलेल्या यादीचं काहीतरी डोक्यात शिल्लक होतं!

हातांची आठवण तर त्याहून पक्की. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. 1953 साली फिट्सच्या आजारासाठी त्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. ओळीनं तीन दिवस. दर वेळी त्यांना वाटायचं, हे मी पहिल्यांदाच करतोय. पण हाताच्या चुका मात्र दिवसेंदिवस कमी होत गेल्या. 1962 साली मिलनर यांनी हे जगापुढं मांडलं. हातानं शिकलेलं आणि डोक्यानं आठवलेलं मेंदूत वेगवेगळं साठवलं जातं, हे त्यातून दिसलं. तुम्हीही आरशापुढं वही ठेवा, हाताकडं थेट न बघता आरशात बघून चांदणी गिरवा. आठवड्यानं पुन्हा गिरवा आणि वेळ लावून बघा.

अशा यंत्रांच्या गोष्टीत आपल्या महाराष्ट्रालाही एक मोठा मान आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, अशी तिथली रीत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडली. कॉम्प्युटरवर आखायचं आणि तिथंच यंत्रावर करून बघायचं, अशी ही कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक 2002 साली या पाबळला झाली! फॅब लॅबमध्ये ठेवायच्या यंत्रांत लेसर कटरबरोबर विनाइल कटरही असतो. त्याच्यावर तांब्याचा पातळ पत्रा कापून चालणारं सर्किटसुद्धा करता येतं. ज्या पात्यानं नर-मादी कापले, तसल्याच पात्यानं दिवा लावणारं सर्किट.

यंत्र नसेल तर अडत नाही. पाच कागद, कात्री आणि फोमची पट्टी एवढ्यावर नळदुर्ग होतो. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर घ्या, परंड्याचा किल्ला घ्या, येडशीजवळचं रामलिंगचं रान घ्या. आधी साध्या कागदावर मागून पुढं थर क्रमानं मांडा, मग कापा. यंत्र असेल तर एक वही करा: कागद किती जीएसएमचा, पातं किती खोल, दाब किती, वेग किती, आणि प्रत्येक नोंदीशेजारी त्याच कागदाचा कापलेला छोटा चौकोन चिकटवा. पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा खाली उतरवाल तेव्हा हीच वही आधी उघडा. आणि चित्र झालं की त्याचा फोटो आम्हाला नक्की पाठवा, मागून पुढं कुठला थर कितवा ते लिहून.